पुणे रेसकोर्सवरचा पावसाळी शनिवार: पैसे मोजायचे ते पॅडॉकच्या कठड्यासाठी

बाराशे मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत संपते. एका दुपारी सात-आठ रेसेस असतात, म्हणजे चार तास खर्चून घोडे प्रत्यक्ष धावताना पाहायला मिळतात ती जेमतेम दहा-बारा मिनिटे, आणि त्यातलाही बराचसा वेळ ते मैदानाच्या पलीकडच्या बाजूला काड्यापेटीएवढे दिसत असतात. तिकिटाच्या पैशांचा हिशेब केवळ धावण्याशी लावला तर हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. तरीही गेली तीस-एक वर्षे मी दर पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर जात आलो आहे, आणि या परीक्षणात सांगायचे आहे ते उरलेल्या पावणेचार तासांविषयी. ज्याला घोडा पाहायचा आहे त्याने मुंबईत महालक्ष्मीला डर्बी या बड्या रेसच्या रविवारी गर्दीत टाचा उंचावण्यापेक्षा ऑगस्टमधल्या एखाद्या साध्या शनिवारी पुण्यात यावे आणि स्टँडमधली खुर्ची सोडून पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याला टेकून उभे राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याचे हे मैदान १८३० सालचे आहे. कॅम्पाच्या कडेला, एम्प्रेस गार्डनच्या शेजारी, लष्कराच्या ताब्यातील सुमारे ११८ एकर जमिनीवर ते पसरले आहे, आणि आजूबाजूच्या शहराने इंच इंच जागा बांधून काढल्यावरही ते हिरवे राहिले याचे श्रेय बहुधा जमिनीच्या मालकालाच द्यावे लागेल. मुंबईचे महालक्ष्मी मैदान १८८३ चे, म्हणजे पुण्याहून अर्ध्या शतकाने धाकटे. दोन्ही ठिकाणच्या रेसेस रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. मुंबईचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर असतो, त्यामुळे मुंबईच्या पागाच्या पागा उन्हाळ्यात घाट चढून पुण्यात येतात आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा घाट उतरतात. घोड्यांच्या या वार्षिक वारीमागोमाग जॉकी, ट्रेनर, घोड्यांची निगा राखणारे सईस, नालबंद, पशुवैद्य आणि बुकी असे सगळे गावच हलते. माणसांची ये-जाही जुनीच आहे. जिला आपण नोकरदारांची गाडी म्हणून ओळखतो ती दख्खनची राणी १९३० च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हा ती शनिवार-रविवारची गाडी होती, आणि मुंबईच्या धनिक मंडळींना पुण्याच्या रेसेसना आणून सोडणे हे तिचे एक मुख्य काम होते.

आता पॅडॉकविषयी. प्रत्येक रेसच्या आधी त्या रेसमधले घोडे एका कुंपण घातलेल्या गोल वाटेवरून फिरवले जातात. पुढे सईस लगाम धरून चालतो, घोड्याच्या पाठीवर नंबराचे कापड असते, आणि कठड्याच्या बाहेर उभे राहून आपण हातभर अंतरावरून त्याच्याकडे पाहू शकतो. वाघ, हत्ती किंवा मगर इतक्या जवळून पाहायची सोय प्राणिसंग्रहालयात सहसा नसते, आणि साडेचारशे-पाचशे किलोचा हा प्राणी तर मनुष्यप्राण्याने तीनशे वर्षे केवळ वेगासाठी निवडून घडवलेला आहे. जगातल्या कोणत्याही थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्याची वडिलांकडची वंशावळ मागे नेली तर ती बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकावर जाऊन थांबते. हे माहीत असले की समोरून जाणाऱ्या कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोड्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा वेगळाच दिसू लागतो.

गेल्या पावसाळ्यातला एक शनिवार सांगतो. सकाळपासून भुरभुर चालू होती आणि पॅडॉकची वाट ओली, भुसभुशीत झाली होती. चौथ्या रेसला नऊ घोडे होते. त्यातली चार नंबरची घोडी अंगाने बारीक, करड्या रंगाची, इतरांच्या तुलनेत काहीशी दुर्लक्षिलेली होती. माझे लक्ष तिच्याकडे गेले ते तिच्या पावलांमुळे. मऊ मातीत तिच्या टापांचे ठसे स्वच्छ उमटत होते, आणि मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशाच्या चांगला वीतभर पुढे पडत होता. चालताना मागचा पाय असा मोकळेपणाने पुढे येणारा घोडा धावतानाही लांब ढांग टाकतो, असे जाणकार मानतात, आणि कोरड्या दिवशी हे एवढे स्पष्ट कधी दिसत नाही. तिचे कान हलत होते, पण मागे पाठीला चिकटलेले नव्हते. मांड्यांच्या आतल्या बाजूला घामाचा पांढरा फेस नव्हता. तिच्या मागून चालणारा सहा नंबरचा फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे लागले होते तो घोडा, मात्र दर फेरीला सईसाला ओढत होता, आणि त्याच्या मानेवर लगामाच्या पट्ट्याखाली साबणासारखा फेस साचला होता. रेस सुरू होण्याआधीच तो निम्मी रेस पॅडॉकमध्ये धावून बसला होता.

मी रेसबुकात मान घालून तिची मागची कामगिरी शोधत होतो, तेवढ्यात शेजारी छत्री धरून उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “अहो, पुस्तकात काय शोधताय? घोडी समोरून चालली आहे की!” 

त्यांचे म्हणणे खरे असले तरी रेसबुकावर माझा जीव आहे. नवख्या माणसाला ते पंचांगाइतके अगम्य वाटते, पण एकदा त्याची भाषा कळली की प्रत्येक ओळीत एक गोष्ट सापडते. घोड्याचे वय, रंग, आई-बाप, मालकाच्या जॉकीच्या कपड्यांचे रंग, आधीच्या रेसेसमधले क्रमांक, किती वजन घेऊन धावला, पायात ॲल्युमिनियमचे नाल आहेत की पोलादाचे, डोळ्यांना झापडे लावली आहेत की नाहीत, हे सगळे त्यात असते. वर्तमानपत्रांच्या रेसच्या रकान्यात सकाळच्या सरावाच्या वेळा येतात. तिथे ‘६००/३८’ असे लिहिले असेल तर तो घोडा सहाशे मीटर ३८ सेकंदांत पळाला असे समजायचे, आणि त्यापुढे ‘सहज धावला’ किंवा ‘जोर लावावा लागला’ अशा अर्थाचे दोन-तीन शब्द असतात. माझ्या माहितीतले एक सेवानिवृत्त बँक अधिकारी या दोन-तीन शब्दांवर अर्धा तास बोलू शकतात. ज्ञानेश्वरीवर निरूपण करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जी तन्मयता असते ती मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे, आणि ही तुलना मी थट्टेने करत नाही.

ज्यांना वाटते की जोरात पळणारा घोडा जिंकतो आणि त्यात विचार करण्यासारखे काय आहे, त्यांनी हँडिकॅपची पद्धत समजून घ्यावी. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीनुसार गुण दिलेले असतात आणि त्या गुणांवरून त्याचा वर्ग ठरतो. चौथ्या वर्गाच्या रेसमध्ये साधारणपणे २० ते ४६ गुणांचे घोडे धावतात, तिसऱ्या वर्गात ४० ते ६६ गुणांचे. एका गुणामागे अर्धा किलो, या हिशेबाने चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन चढवले जाते, म्हणजे ४० गुणांचा घोडा ३० गुणांच्या घोड्यापेक्षा पाच किलो जास्त घेऊन धावतो. जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरून काढतात. उमेदवारी करणाऱ्या नवशिक्या जॉकीला उलट वजनात सूट मिळते. या सगळ्याचा हेतू असा की कागदावर तरी सर्व घोडे एकाच क्षणी फिनिशला पोहोचावेत. तसे ते कधीच पोहोचत नाहीत, आणि हे गुण ठरवणाऱ्या हँडिकॅपर साहेबांचे गणित कुठे चुकले असेल ते आधी ओळखणे हाच या खेळाचा बौद्धिक भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मद्रास रेस क्लबच्या खटल्यात घोड्यांची रेस हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले, ते मला मनापासून पटते. माझ्या पत्नीला ते अजून पटलेले नाही.

करड्या घोडीकडे परत येतो. जॉकींना घोड्यावर चढवायची वेळ झाली. रेसचा जॉकी रिकिबीत पाय घालून चढत नाही. खोगीर हातरुमालाएवढे असते आणि रिकिबी इतक्या आखूड की जमिनीवरून पाय पोहोचणे शक्यच नसते. तो गुडघा मागे वाकवतो, ट्रेनर किंवा सईस त्याची पोटरी ओंजळीत धरून वर उचलतो, आणि पन्नास-पंचावन्न किलोचा तो माणूस चेंडूसारखा पाठीवर जाऊन बसतो. घोडीने एकदा शेपूट झटकले, बस. मी तिच्यावर ‘विन’चे, म्हणजे ती पहिली येईल यावर, शंभर रुपये लावले. छत्रीवाल्या गृहस्थांनी काय लावले ते त्यांनी सांगितले नाही.

स्टार्टिंग गेटची दारे उघडल्याचा खणकन आवाज पुण्यात वारा अनुकूल असेल तर ऐकू येतो. त्यानंतरचे अर्धे मिनिट फक्त लाउडस्पीकरवरचा समालोचक सांगेल तेच खरे मानावे लागते, आणि मग वळणावरून रंगीत कपड्यांचा पुंजका सरळ पट्टीवर येतो. शेवटच्या तीनशे मीटरला स्टँडमध्ये जो आवाज उठतो तो क्रिकेटच्या मैदानासारखा एकमुखी नसतो, कारण इथे प्रत्येकाचा संघ वेगळा असतो. कोणी नंबर ओरडतो, कोणी जॉकीचे नाव, कोणी नुसतेच “आण, आण, आण!”. पण कठड्याला चिकटून उभे राहिलात तर या सगळ्या गदारोळाखालून टापांचा आवाज छातीत जाणवतो, ओल्या मैदानावर तो आणखी जड येतो, आणि त्यासोबत घोड्यांच्या नाकपुड्यांतून निघणारा, भात्यासारखा, एका लयीतला श्वास ऐकू येतो. दूरचित्रवाणीवर हा श्वास कधीच ऐकू येत नाही. या एका गोष्टीसाठी मी तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजतो.

घोडी तिसरी आली. फेव्हरिट सातवा. मी तिकीट खिशात कोंबले आणि शेजारी पाहिले तर छत्रीवाले गृहस्थ शांतपणे खिडकीकडे निघाले होते. त्यांनी तिच्यावर ‘थर्ड हॉर्स पूल’ घेतला होता. आपल्याकडच्या टोटवर, म्हणजे क्लबच्या अधिकृत पैजेच्या खिडकीवर, जिंकणाऱ्या घोड्याशिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा घोडा ओळखण्याच्याही स्वतंत्र पैजा असतात. अट अशी की ‘सेकंड हॉर्स पूल’मध्ये आपला घोडा दुसराच यायला हवा, तो पहिला आला तर पैसे गेले. स्वतःचा घोडा जिंकला म्हणून कपाळाला हात लावणारी माणसे मी याच खिडक्यांसमोर पाहिली आहेत. पहिले तीन घोडे क्रमाने ओळखण्याच्या पैजेला ‘टनाला’ म्हणतात, पाच रेसेसचे विजेते ओळखण्याला ‘जॅकपॉट’, आणि जॅकपॉट एका घोड्याने हुकल्याची हकीकत नाही असा जुना रेसवाला मला अजून भेटायचा आहे. ते परत आल्यावर मी विचारले, “तिसरीच येणार हे कशावरून?” तर ते म्हणाले, “घोडी चांगली आहे, पण अजून कच्ची आहे. पुढच्या महिन्यात बघा.” त्यांचे नाव मला ठाऊक नाही. दहा-बारा वर्षे आम्ही कठड्यापाशी भेटतो आणि हंगाम संपल्यावर एकमेकांना विसरतो.

हा समाज आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरात ‘रेसचा नाद’ हे दोन शब्द दारूच्या जोडीने उच्चारले जात, आणि तसे ते का उच्चारले जात हे मला चांगले ठाऊक आहे, कारण पगाराच्या दिवशी सात रस्त्याकडून रिकाम्या हाताने परतलेली माणसे आमच्याच चाळीत राहत होती. लालबागच्या एका गिरणीत जॉबर असलेले माझे मामा मात्र वेगळ्या जातीचे रेसवाले होते. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून ते महालक्ष्मीला जात, मोजून दहा रुपये सोबत नेत, आणि ते दहा संपले की उरलेल्या रेसेस पॅडॉकमध्ये उभे राहून पाहत. कॉलेजात असताना त्यांनी मला प्रथम नेले तेव्हा पहिल्या तीन रेसेसना त्यांनी मला पैसेच लावू दिले नाहीत. “आधी बघायला शीक,” म्हणाले, “पैसे लावायला काय, गाढवालाही येते.” गिरण्या गेल्या, मामा गेले, पण त्यांच्यासारखी माणसे अजून स्टँडमध्ये दिसतात: हाताला शाई लागलेले छापखानावाले, बायकोला सोबत आणणारे पारशी वृद्ध, रजेवर आलेले फौजी, आणि अलीकडे फोनवर वेळा नोंदवणारी संगणकातली मुले. पैशाची ऐपत कमी-अधिक असलेली एवढी निरनिराळी माणसे एकमेकांना काका, बाबा, शेठ म्हणत बरोबरीने वाद घालतात अशा जागा शहरात फारशा उरलेल्या नाहीत.

मामांचे म्हणणे मी एकदाच मोडले. चार-पाच वर्षांपूर्वी फोनवर टिप पुरवणाऱ्या एका सेवेचे महिन्याचे दीड हजार रुपये भरले. रेसच्या सकाळी संदेश येत असे, त्यात ‘आजचा पक्का घोडा’ ठळक अक्षरांत असे. पहिल्या शनिवारचा पक्का घोडा शेवटून दुसरा आला. दुसऱ्या शनिवारी त्यांनी एका रेसमध्ये चार घोड्यांची नावे दिली आणि त्यातला एक जिंकल्यावर रात्री ‘सांगितले होते ना!’ असा अभिनंदनाचा संदेश पाठवला. तिसऱ्या आठवड्यात ज्या घोड्याची शिफारस केली तो त्या दिवशी धावतच नव्हता. पैसे परत मागितल्यावर तो नंबर लागेनासा झाला. नवख्या वाचकाला माझा सल्ला असा की ज्याला जिंकणारा घोडा खरोखर माहीत आहे तो तुम्हाला दीड हजारांत कशाला सांगेल, एवढा प्रश्न स्वतःला विचारून ते पैसे दुर्बिणीत घालावेत. आठ पट किंवा दहा पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते.

जिंकण्याच्या दृष्टीने हा खेळ आता पूर्वीपेक्षा बराच महाग झाला आहे, हेही सांगायला हवे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा रेसच्या पैजांवर २८ टक्के कर लागला, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून तो ४० टक्के झाला. कौशल्याने दोन-चार टक्क्यांचा फायदा काढू पाहणाऱ्या माणसाचे गणित एवढ्या कराखाली बसतच नाही. त्यामुळे अधिकृत खिडकीवरची रांग रोडावते आणि पैसा कर न भरणाऱ्या बेकायदा बुकींच्या फोनकडे वळतो, अशी तक्रार रेसजगतातून वारंवार होते, आणि ती मला रास्त वाटते. मी स्वतः रेसला शंभर रुपयांच्या वर जात नाही, आणि ते परत येणार नाहीत असे धरूनच घरून निघतो. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी येऊ नये.

रेसवाल्यांचे दुसरे धन म्हणजे आठवण. स्टँडमध्ये पावसाने रेस अर्धा तास पुढे गेली की जुन्या घोड्यांची नावे निघतात. १९ रेसेसपैकी १८ जिंकलेला स्क्वॉन्डरर थोर, की २३ पैकी २२ जिंकलेला इल्युसिव्ह पिंपरनेल, हा वाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की दोन्ही बाजू पाठ झाल्या आहेत. मी स्क्वॉन्डररच्या बाजूचा, कारण मामा त्याच्या बाजूचे होते. पण मराठी माणसाने लक्षात ठेवावा असा घोडा तिसराच आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकली. पुढे त्याच महाराजांनी इंग्लंडमध्ये २८,००० गिनी (पौंडाहून किंचित मोठे जुने इंग्रजी चलन) असा त्या वेळचा विक्रमी भाव देऊन एक वर्षाचे शिंगरू विकत घेतले आणि त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले. १९४७ साली, ज्या वर्षी हिंदुस्थान स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ‘सयाजीराव’ नावाच्या त्या घोड्याने आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर या दोन्ही रेसेस जिंकल्या. सेंट लेजर जिथे होते त्या डॉन्कास्टरच्या स्टँडमध्ये इंग्रज मंडळी आपल्या जिभा वळवून ‘सयाजीराव’ ओरडत असतील, ही कल्पना मला दरवेळी हसवते.

घोड्यांच्या पैदाशीतही पुणे परिसराचा वाटा मोठा आहे. पूनावाला कुटुंबाने १९४६ मध्ये इथे स्टड फार्म सुरू केला. त्यांच्याकडचे वय झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला धनुर्वाताविरुद्धचे सीरम तयार करण्यासाठी दिले जात, आणि हे काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी केली. आज जगभर लस पोहोचवणाऱ्या कारखान्याचे मूळ हडपसरच्या पागेत आहे, हे मी परगावच्या पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते प्रथम विश्वास ठेवत नाहीत.

महालक्ष्मीची डर्बी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारच्या आसपास चार वर्षांचे निवडक घोडे २४०० मीटर धावतात, आणि त्या वेळी सूर्य समुद्राकडे कललेला असताना जुन्या स्टँडची शोभा पाहण्यासारखी असते. एकदा जरूर जावे. मात्र त्या दिवशी टोप्या, गाऊन आणि कॅमेरे यांची इतकी दाटी होते की पॅडॉकमध्ये घोड्याची पाठ दिसणेही मुश्किल. आता तर त्या मैदानाचेच रूप बदलणार आहे: २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी घेऊन उरलेले ९१ एकर क्लबकडे २०५३ पर्यंत भाड्याने ठेवायचे, असा निर्णय झाला आहे. मुंबईकरांना मोकळी जागा मिळते आहे, तिला विरोध करण्याइतका मी आंधळा शौकीन नाही. पुण्यात सप्टेंबरमध्ये इंडियन सेंट लेजर होते, २८०० मीटरची, भारतीय क्लासिक रेसेसमध्ये सर्वांत लांब. तिथे गर्दी माफक असते, आणि एवढे अंतर धावून आल्यावर घोडा कसा दिसतो हे अगदी जवळून पाहता येते.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही तर हे परीक्षण अप्रामाणिक ठरेल. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, वळणावर एक घोडा अचानक मागे पडला आणि तीन पायांवर उभा राहिला. जॉकी उडी मारून उतरला आणि त्याची मान धरून उभा राहिला. घोड्याच्या पायाची नळी मोडली की ती बहुतेक वेळा सांधत नाही, कारण त्याला महिनोन्महिने आडवे निजवून ठेवता येत नाही. मैदानात कापडी आडोसा आणला गेला. स्टँडमधल्या हजार-दीड हजार माणसांना त्याचा अर्थ कळला होता, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा रेसकोर्सवर पानांची सळसळ ऐकली. थोड्या वेळाने सईस रिकामा लगाम घेऊन परत येताना दिसला. पुढच्या रेसचे घोडे पॅडॉकमध्ये यायला लागले होते. त्यानंतर मी जवळजवळ एक हंगाम कुठेच गेलो नाही. मग का गेलो याचे चांगलेसे उत्तर माझ्याकडे नाही. चाबकाचा वापर मर्यादित करणारे नियम, उत्तेजकांसाठीच्या चाचण्या, धावण्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी हे सगळे आहे आणि ते असायलाच हवे. पण ज्याला हा धोका पाहवणार नाही त्याने घरी राहण्यात काही कमीपणा नाही.

येणाऱ्यांसाठी थोडे. पुण्याच्या पावसात छत्री आणि चिखलात चालतील असे जोडे हवेत. आदल्या संध्याकाळी रेसबुक घेऊन निदान दोन रेसेस तरी वाचून याव्यात. तिकीट काढताना पॅडॉकपर्यंत जाता येईल असाच विभाग घ्यावा, आणि प्रत्येक रेसच्या आधी वीस मिनिटे तिथे उभे राहावे. मामांचा पहिल्या तीन रेसेसचा नियम मी आजही नवख्यांना लागू करतो.

त्या शनिवारी शेवटची रेस संपली तेव्हा पाऊस वाढला होता. दहा मिनिटांत स्टँड रिकामा झाला, फाटलेल्या तिकिटांचा खच ओला होऊन पायऱ्यांना चिकटला. मैदानात टापांनी उखडलेली गवताची ढेकळे पुन्हा खड्ड्यात बसवून पायाने दाबणारी माणसे एका ओळीत पुढे सरकत होती. मी निघताना पॅडॉकपाशी थांबलो. करड्या घोडीच्या ठशांवरून नंतरच्या चार रेसेसचे घोडे चालून गेले होते, तरी कठड्याच्या कडेला एक जोडी शिल्लक होती, मागचा पाय पुढच्याच्या वीतभर पुढे, आणि दोन्हींत पाणी भरत होते. पुढच्या महिन्यात ती धावली तेव्हा छत्रीवाले गृहस्थ आले होते. या वेळी त्यांनी तिच्यावर ‘विन’ घेतला होता, आणि घोडी दुसरी आली.